कान ठीक, दाढही ठीक, मग दुखतंय काय? जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि घरचे हलके व्यायाम

कानाच्या भोकाच्या बोटभर पुढे एक बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटाखाली हाड सरकताना जाणवेल. तो जबड्याचा सांधा. दोन्ही कानांपुढे एकेक. बोलताना, जेवताना, गिळताना, जांभई देताना दिवसभर हलणारा हा सांधा दुखायला लागला की बहुतेकांना कानच दुखतोय असं वाटतं. मग कानात लसूण घालून तापवलेलं तेल पडतं, नंतर मेडिकलमधून आणलेले थेंब, त्यानंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चक्कर. ते सांगतात, कान स्वच्छ आहे. मग दाढेवर संशय जातो. दाढही ठीक निघते. दुखणं तर आहेच. घरचे म्हणायला लागतात, हिच्या मनाचे खेळ आहेत. बाईला म्हणतात, कारण हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, आणि तोही ऐन विशी ते चाळिशीत. हे दुखणं खरं असतं. ते कान आणि दाढ यांच्या मधल्या जागेत बसलेलं असतं, इतकंच.

कान आणि जबडा यांचा हा गोंधळ जुना आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या जेम्स कॉस्टन यांनी लिहिलं की कानात दडा बसणं, कान दुखणं, गरगरणं या तक्रारींचं मूळ काही जणांत जबड्याच्या सांध्यात सापडतं. दाढा पडल्यामुळे जबडा मागे दबतो, असं कारण त्यांनी दिलं होतं. ते पुढे टिकलं नाही. पण कानाच्या दुखण्यात जबडाही तपासावा, हे त्यांचं म्हणणं टिकलं.

आता सांध्याच्या आत काय चालतं ते पाहू, म्हणजे पुढचे व्यायाम का हे कळेल. खालच्या जबड्याची वरची टोकं गोलसर असतात आणि ती कानशिलाकडच्या हाडातल्या खळग्यात बसतात. दोन्ही हाडांच्या मधे एक चिवट, लवचिक चकती असते, मधे पातळ आणि कडेने जाड. पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, तिचं जे काम तेच या चकतीचं. तोंड उघडायला लागलो की सुरुवातीचे दोन-अडीच सेंटीमीटर जबडा जागच्या जागी फिरतो. त्याहून मोठा आ करायचा तर जबड्याचं टोक चकतीला घेऊन खळग्यातून पुढे सरकतं. एकाच सांध्यात फिरणं आणि सरकणं अशा दोन्ही हालचाली, शिवाय डाव्या-उजव्या दोघांनी एका वेळी करायच्या.

चुंबळ थोडी पुढे घसरलेली असेल तर तोंड उघडताना हाड उडी मारून तिच्यावर चढतं आणि ‘कट्’ असा आवाज येतो. मिटताना ती पुन्हा घसरते. हा आवाज पुष्कळ धडधाकट माणसांच्या जबड्यातून येतो. आवाज आहे पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, कुठे अडकत नाही, तर त्यासाठी काहीही करू नका. आवाज घालवण्यासाठी उपचार घेऊ नका आणि तो अजून येतो का हे बघायला सारखा जबडा वाजवूनही पाहू नका. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आवाजाला घाबरून जबड्याला छळणारे बरेच असतात.

कधीकधी मात्र हाडाला चकतीवर चढताच येत नाही. मग तोंड अर्ध्यावर अडतं. काल आवाज येत होता, आज आवाज बंद झाला आणि घास घेण्यापुरतंही तोंड उघडेना, असं झालं तर चकती पुढेच अडकली असण्याची शक्यता मोठी. तिथे घरी जोर करायचा नाही, दाखवायला जायचं.

पण जबडा दुखतो म्हणून येणाऱ्यांत बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा तो हलवणाऱ्या स्नायूंत जास्त असतं. गालावर, जबड्याच्या मागच्या कोपऱ्याशी बोटं ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली जो टणक गोळा उठतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तसाच एक पसरट स्नायू कानशिलावर असतो. दाढा आवळल्या की तोही फुगतो, म्हणूनच जबड्याच्या दुखण्यात कपाळाच्या बाजू ठणकतात आणि लोक डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतात.

हे स्नायू थकतात कशाने? जेवण आणि गिळणं धरून चोवीस तासांत दात एकमेकांना टेकतात तो एकूण वेळ साधारण वीस मिनिटांच्या आतबाहेर असतो. बाकी सगळा वेळ वरच्या आणि खालच्या दातांत दोन-चार मिलिमीटरची फट असायला हवी. आता हे वाचताना तुमच्या दाढा टेकलेल्या आहेत का, बघा. पुष्कळांच्या असतात. जोरात आवळलेल्या असण्याची गरज नाही, नुसत्या टेकून राहिल्या तरी स्नायू तासन्‌तास काम करत राहतो. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत मागाच्या खडखडाटात पाळी करणारा विणकर, खड्ड्यांतून दुचाकी सांभाळत शहराकडे येणारा, डोक्यावर उसाच्या वाड्यांचा भारा घेतलेली बाई, मोबाइलमध्ये मान घालून बसलेलं पोर: सगळे नकळत दाढा आवळून असतात. काळजी, कर्ज, झोप नसणं याने हे वाढतं. रात्री दात कराकरा खाण्याची सवय असेल तर सकाळी उठतानाच गाल जड आणि दुखरे असतात.

म्हणून पहिला व्यायाम म्हणजे काहीच न करणं शिकणं. ओठ हलके मिटलेले, दाढा सुटलेल्या, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकलेलं. ‘न’ म्हणताना जीभ जिथे लागते तीच जागा. श्वास नाकाने. ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. ती दिवसातून शंभरदा मोडेल, मोडू दे. दर वेळी लक्षात येईल तेव्हा परत यायचं. आठवण राहावी म्हणून कुंकवाच्या टिकल्या चिकटवा: एक गॅसच्या शेगडीजवळ, एक आरशावर, एक मोबाइलच्या मागे, एक गाडीच्या हँडलवर. टिकली दिसली की दाढा सोडायच्या, खांदे खाली सोडायचे. माझ्या मते एवढी एक गोष्ट जरी कोणी मनापासून केली तरी पुढच्या सगळ्या व्यायामांचं निम्मं काम होतं. आणि हीच गोष्ट लोक सोडून देतात, कारण तिच्यात व्यायाम केल्यासारखं वाटत नाही.

पुढे जाण्याआधी मोजमाप घ्या. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळीजवळचं बोट एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे जातात का ते हळूच पाहा. तीन बोटं गेली म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर, तोंड नीट उघडतंय. दोनच जात असतील तर आखडलंय. हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच मोजा. रोज मोजायच्या नादात जबडा ताणला जातो.

आणि इथे आपल्या बेळगाव भागासाठी एक गोष्ट ठामपणे सांगायलाच हवी. तोंड कमी उघडतंय म्हणजे सांधाच बिघडलाय असं नाही. निपाणी हा तंबाखूचा मुलूख. गावोगावच्या पानपट्टीवर मावा, गुटखा, सुपारी सहज मिळते आणि दहावी-बारावीची पोरंही चघळताना दिसतात. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं, त्यात दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. सुरुवातीला तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, मग वर्षागणिक तोंड बारीक होत जातं. कानापुढे फारसं दुखत नाही. गाल मात्र आतून पांढुरका आणि चामड्यासारखा ताठ लागतो. हा आजार कर्करोगाच्या आधीची पायरी ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचं २००४ साली जाहीर केलेलं आहे, तंबाखू नसली तरी. मावा-गुटखा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं असेल तर या लेखातले व्यायाम करत बसू नका. चघळणं आजच थांबवा आणि दंतवैद्यांकडून तोंड आतून तपासून घ्या.

व्यायामाला बसण्याआधी शेक. स्वच्छ रुमाल कोमट-गरम पाण्यात बुडवून पिळा, आधी मनगटावर टेकवून चटका बसत नाही ना ते बघा, मग दोन्ही गालांवर दहा-पंधरा मिनिटं धरा. मधुमेहाने ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी तापमान तपासायला सांगावं. नुकताच मार लागला असेल किंवा सूज असेल तर शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं. शेकानंतर गालावरचा तो टणक गोळा दोन बोटांनी गोल-गोल, मिनिटभर चोळा. कानशिलावर तसंच. चोळताना दाढा सुटलेल्या हव्यात. जोर किती? बंद डोळ्याच्या पापणीवरून बोट फिरवाल त्याहून थोडा जास्त, पण गाल पांढरा पडण्याइतका नाही.

आता आरशासमोर बसा. पाठ टेकलेली, मान सरळ. जीभ ‘न’च्या जागी टेकवलेली ठेवून तोंड उघडा, जीभ सुटायच्या आत थांबा आणि मिटा. जीभ वर टेकलेली असली की जबडा फिरतो, फार पुढे सरकत नाही, म्हणून दुखऱ्या सांध्याला हे सोसतं. आरसा कशाला? उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का ते दिसावं म्हणून. जात असेल तर वेग निम्मा करा आणि ती मधोमध खाली येईल असं बघत उघडा. जिथून ती वळायला लागते तिथवरच जायचं. सहा वेळा पुरे. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या नावाने जी व्यायामांची पद्धत जगभर शिकवली जाते तिचं सूत्र असंच आहे: प्रत्येक हालचाल सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. एकदाच बसून पन्नास वेळा करण्यात काही हशील नाही, उलट दुखणं भडकतं. चहा ठेवला, नळाला पाणी आलं, बसची वाट पाहताय, अशा वेळांना एकेक फेरी बांधून घेतली की सहा वेळा सहज होतात.

चार-पाच दिवसांनी, हे न दुखता जमायला लागलं की हलका विरोध घालायचा. अंगठा हनुवटीखाली ठेवा आणि अंगठ्याने अगदी थोडा अटकाव करत तोंड बोटभर उघडायचा प्रयत्न करा. जबडा जवळजवळ हलायला नको. सहा आकडे मोजा, सोडा. मग दोन बोटं हनुवटीच्या उजव्या अंगाला लावून जबडा उजवीकडे न्यायचा प्रयत्न, बोटं अडवतात. तसंच डावीकडे. हे करताना दाढा टेकवायच्या नाहीत. विरोध इतका कमी हवा की बघणाऱ्याला तुम्ही काही करताय हे कळू नये. लोकांचं इथेच चुकतं: दंड-बैठकांची सवय असलेले अंगठ्याला कुस्ती लढवतात. हा स्नायू आधीच जास्त काम करून थकलेला आहे. त्याला ताकद द्यायची नाहीये, ढिलं व्हायला आणि दोन्ही बाजूंनी सारखं चालायला शिकवायचंय.

बाजूची हालचाल आखडली असेल तर आईस्क्रीमची लाकडी काडी पुढच्या दातांत हलकी धरा आणि खालचा जबडा सावकाश डावीकडे-उजवीकडे न्या. सहा वेळा, तेवढंच.

मान विसरू नका. डोकं पुढे काढून बसलो की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि गळ्याखालचे स्नायू ताणले जातात. भिंतीला पाठ लावून उभे राहा, नजर समोर, हनुवटी खाली-वर न करता सरळ मागे न्या, मानेमागे ताण जाणवला की पाच आकडे थांबा. शिलाई, शिकवणी, संगणक किंवा मोबाइल ज्यांच्या दिवसाचा मोठा भाग खातो त्यांच्यासाठी हा व्यायाम जबड्याच्या व्यायामाइतकाच मोलाचा.

ताणण्याचा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. ज्यांचं तोंड दोन बोटांवर अडकलंय आणि कारण स्नायूंचं आखडणं आहे, त्यांनी शेकानंतर अंगठा वरच्या पुढच्या दातांना आणि तर्जनी खालच्या दातांना लावून कात्रीसारखी बोटं फाकवत अगदी हळू ताण द्यावा, दहा-पंधरा सेकंद, तीन-चार वेळा. ज्यांचा जबडा जांभईत निसटतो किंवा उघडा अडकतो त्यांनी हे कधीही करू नये. त्यांच्या सांध्याला आधीच जास्त मोकळीक आहे. त्यांनी जीभ टाळूला टेकवूनच उघडायचं आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची.

किती दुखलं तर चालेल? हलका ताण जाणवला तर ठीक. व्यायाम संपल्यावर तासाभराने दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जबडा जड असेल, तर उद्या निम्मंच करा. थोडा फरक दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो, नीट बसायला दोन-तीन महिनेही लागतात.

जेवणात काही आठवडे बदल करा. ऊस दातांनी सोलून खाणं बंद. चिकोडी-निपाणीकडे हंगामात हे सांगणं जिवावर येतं, तरी बंद. रस प्या. गोकाकचा करदंट, फुटाणे, वाळलेली भाकरी, यात्रेतल्या मटणाची हाडं, च्युइंगम, सगळं बाजूला. भाकरी आमटीत कुस्करून, मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, दुधात भिजवलेले मांडे चालतील, आणि कुंदा तर चावावाही लागत नाही. सफरचंद, पेरू बारीक फोडी करून. एकाच बाजूने चावायची सवय असेल तर दोन्ही बाजू वापरा. हल्ली मोबाइलवर जबडा कोरीव दिसावा म्हणून चावायचे रबरी गोळे विकतात. दुखऱ्या जबड्याला त्याहून वाईट काही नाही.

झोपताना पालथं झोपू नका, गालाखाली हात नको. झोपेत दात खाणाऱ्यांना दंतवैद्य रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच देतात. दात झिजू नयेत म्हणून ते उपयोगी, पण जुनाट दुखण्यावर त्याचा भरवसा धरू नये. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. त्यात सर्वात वर ठेवलेत ते जाणकाराच्या देखरेखीखालचे जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, स्नायूंना हाताने दिलेला उपचार, घरचे व्यायाम आणि समजावणं, आणि ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार. चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि चाव कायमचा बदलणारी कवचं नकोत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणून कुणी पहिल्याच भेटीत दात घासून चाव बदलूया म्हणालं तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

काही दुखणी मात्र घरी थांबायची नाहीतच. चालताना किंवा काम करताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम, हातात कळ: ते हृदयाचं असू शकतं, तडक दवाखाना. शेतात खिळा, काटा, खुरपं लागल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली, मान ताठ झाली, तर धनुर्वाताचा संशय धरून त्याच क्षणी निघा. पन्नाशीपुढच्या माणसाचं कानशील नव्यानेच ठणकतंय, चावताना जबडा थकतोय, नजर धूसर होतेय, तर आजच दाखवा, उशिराने दृष्टी जाऊ शकते. ताप आणि गालाला सूज असेल तर दाढेत पू असू शकतो. पडल्यावर किंवा अपघातानंतर दात नीट बसेनासे झाले तर हाड मोडलेलं असू शकतं. आणि जबडा उघडाच अडकला तर घरच्यांनी ओढाताण न करता हनुवटीला हाताचा आधार देऊन दवाखान्यात न्यावं. सराव असलेले डॉक्टर अंगठ्यांनी मागच्या दाढांवर खाली दाबून तो जागेवर आणतात.

बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग तिथे विचारावा, आणि व्यायाम नीट शिकून घ्यायला फिजिओथेरपिस्टकडे जावं. सरकारी सिव्हिल म्हणजे बिम्सचा रस्ता खानापूर-निपाणीकरांना माहीत आहेच. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि नेमकं सांगता येईना, तर तोंड मिटून एका बोटाने दुखरी जागा दाखवा, मग तोंड उघडून किती बोटं जातात ते दाखवा, आणि कॅलेंडरच्या पानावर आठवड्यागणिक लिहिलेले आकडे पुढे करा. कधीपासून दुखतंय, सकाळी जास्त की संध्याकाळी, आवाज येतो का, कधी अडकलं होतं का, आणि सुपारी-तंबाखू खाता का, एवढं निघण्याआधीच लिहून न्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या, घरचे सोबत असले तरी.